इसोरोकु (जपानी नाव)

इसोरोकु हे एक दुर्मीळ जपानी पुरुषनाम आहे. 'छप्पन्न' हा त्याचा शब्दशः अर्थ होय. पाच, दहा आणि सहा या अंकांची तीन कांजी चिन्हे एकापुढे एक लिहिली की हे नाव तयार होते. जपानी शाही नौदलाच्या संयुक्त आरमाराचे सरसेनापती ॲडमिरल यामामोतो इसोरोकु (१८८४–१९४३) यांच्यामुळे हे नाव जगभर पोहोचले. त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या वडिलांचे वय ५६ होते, म्हणून मुलाचे नाव 'छप्पन्न' ठेवण्यात आले. नाव जगप्रसिद्ध झाले, तरी जपानमध्ये ते प्रचलित मात्र कधीच झाले नाही. ते धारण करणारी दुसरी तितकी नामवंत व्यक्ती सांगता येत नाही.

अर्थ आणि घटक

जपानी भाषेत संख्या मोजण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. पहिली देशी, म्हणजे मूळ जपानी. तिच्यातील शब्द हितो, फुता, मि, यो, इत्सु, मु, नाना, या, कोकोनो, तो असे आहेत. दुसरी चिनी भाषेतून आलेली. तिच्यात इची, नि, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू किंवा कु, जू असे मोजतात. व्यवहारातील मोठ्या संख्यांसाठी आता दुसरी पद्धतच वापरली जाते. आजच्या जपानी माणसासमोर छप्पन्न हा आकडा ठेवला, तर तो 'गोजूरोकु' असे वाचेल, 'इसोरोकु' असे नव्हे.

'इसो' हा पन्नाससाठीचा जुना देशी शब्द आहे. त्यातील 'इ' म्हणजे पाच (इत्सु या शब्दातील पहिला वर्ण) आणि 'सो' म्हणजे दहा. हा 'सो' आज स्वतंत्रपणे वापरात नाही, पण काही शब्दांत तो टिकून आहे. महिन्याचा तिसावा किंवा शेवटचा दिवस म्हणजे 'मिसोका', आणि वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे 'ओमिसोका'. 'मिसोजी', 'योसोजी', 'इसोजी' हे शब्द वयासाठी वापरतात. मराठीतील तिशी, चाळिशी, पन्नाशी या शब्दांशी त्यांचे नाते इतके जवळचे आहे की भाषांतर करताना वेगळा शब्द शोधावा लागत नाही. इसोजी म्हणजे पन्नाशी. इसोरोकु या नावात वयाचा संदर्भ का आला, हे समजण्यासाठी 'इसो'ला असलेला हा वयाचा वास ध्यानात ठेवणे उपयोगी आहे.

'रोकु' मात्र चिनी वळणाचा शब्द आहे. म्हणजे नावाचा पूर्वार्ध देशी आणि उत्तरार्ध परभाषेतून आलेला. अशा मिश्र वाचनाला जपानी व्याकरणात 'युतो-योमी' म्हणतात. युतो हे गरम पाणी ओतण्याचे भांडे. त्या शब्दातील 'यु' (गरम पाणी) देशी आणि 'तो' (भांडे) चिनी, म्हणून या प्रकाराला त्याच शब्दाचे नाव मिळाले. याच्या उलट क्रमाच्या, म्हणजे आधी चिनी आणि मग देशी अशा वाचनाला 'जूबाको-योमी' म्हणतात. मराठीतील 'कागदपत्र' या शब्दात अरबी-फारसीतून आलेला कागद आणि संस्कृत पत्र असेच एकत्र नांदतात, आणि बोलणाऱ्याला त्यांची दोन कुळे जाणवतही नाहीत. 'इसोरोकु' ऐकणाऱ्या जपानी माणसाला मात्र हा सांधा बहुधा जाणवतो. नावाचा जुनाट, किंचित भारदस्त आणि किंचित गमतीदार वाटणारा सूर त्यातूनच येतो.

मराठी वाचकाला आणखी एक फरक लक्षात येईल. मराठीतील 'छप्पन्न' या शब्दात सहा आणि पन्नास हे घटक असले, तरी ते झिजून एकजीव झाले आहेत. संस्कृत 'षट्पञ्चाशत्' आठवल्याशिवाय त्यांची फोड करता येत नाही. जपानीत पाच-दहा-सहा ही फोड उघड दिसते. एकूण दहा रेघांत हे संपूर्ण नाव लिहून होते: पाचसाठी चार, दहासाठी दोन, सहासाठी चार. शाळेच्या पहिल्या इयत्तेतील मुलाला यातील तिन्ही चिन्हे येतात. लिहायला इतके सोपे आणि वाचायला इतके फसवे असे दुसरे नाव सहज सापडणार नाही.

उच्चारसाधर्म्यामुळे एक गैरसमज होतो. 'इसो' या उच्चाराचा खडकाळ समुद्रकिनारा असा अर्थ असलेला दुसरा जपानी शब्द आहे. नाव नौदलाच्या सेनापतीचे, त्यामुळे त्याचा समुद्राशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्या शब्दाचे कांजी चिन्ह सर्वस्वी वेगळे आहे आणि यामामोतो यांच्या नावाशी त्याचा संबंध नाही. मुलांच्या नावांच्या याद्यांत कधी कधी शौर्य, सामर्थ्य यांसारखे अर्थ या नावाला चिकटवलेले आढळतात, तेही निराधार आहेत. नावात आहे तो फक्त एक आकडा.

उगम

इसोरोकु यांचा जन्म ४ एप्रिल १८८४ रोजी नागाओका येथे झाला. हे गाव आजच्या नीगाता प्रांतात, म्हणजे जुन्या एचिगो परगण्यात आहे. त्यांचे वडील ताकानो सादायोशी हे नागाओका संस्थानाच्या सेवेतील सामुराई होते. १८६८ साली सुरू झालेल्या बोशिन युद्धात नागाओकाने नव्या सम्राटपक्षीय सरकारच्या विरोधात शस्त्र उचलले आणि त्यात संस्थानाचा पराभव झाला. त्यानंतरच्या वर्षांत सामुराई वर्गाचे विशेष अधिकार आणि वेतन दोन्ही गेले, आणि ताकानो घराण्याची स्थिती बेताची झाली. अशा घरात, वडिलांच्या उतारवयात, सहावा मुलगा म्हणून इसोरोकु जन्मले.

सहाव्या मुलाच्या नावात 'रोकु' येणे हे तसे जपानी रीतीला धरूनच झाले असते. एरवी त्याचे नाव 'रोकुरो' ठेवता आले असते. पण चरित्रकार जे कारण देतात ते वडिलांच्या वयाचे आहे, मुलाच्या क्रमांकाचे नाही. दोन्ही ठिकाणी सहाचा अंक यावा, हा योगायोग समजावा.

वडिलांच्या वयासंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. त्या काळी जपानमध्ये वय मोजण्याची 'काझोएदोशी' पद्धत रूढ होती. तिच्यात मूल जन्मताच एक वर्षाचे धरले जाई आणि प्रत्येक नववर्षाला सर्वांचे वय एकाने वाढे. डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेले मूल जानेवारीत दोन वर्षांचे होत असे. पूर्ण झालेली वर्षे मोजण्याचा कायदा १९०२ मध्ये आला, पण लोकांची सवय तशीच राहिली. रोजच्या व्यवहारातही पूर्ण वर्षेच सांगावीत असा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो १ जानेवारी १९५० पासून लागू झाला. म्हणून जुन्या जपानी चरित्रांतील वयाचे आकडे वाचताना एकदोन वर्षांचा फरक गृहीत धरावा लागतो.

नामकरणाच्या इतिहासातही हा काळ संक्रमणाचा होता. पूर्वी सामुराई पुरुषाला आयुष्यात अनेक नावे असत: बालपणीचे एक, वयात आल्यावर रोजच्या वापराचे दुसरे, औपचारिक तिसरे. बालपणीचे चमत्कारिक नाव पुढे गळून जाई. मेइजी सरकारने १८७२ मध्ये कुटुंब नोंदणी सुरू केली, एका व्यक्तीला एकच नाव असा दंडक घातला आणि मनाला येईल तेव्हा नाव बदलण्यास मनाई केली. जुन्या काळात 'छप्पन्न' हे कदाचित लाडाचे, तात्पुरते नाव ठरले असते. १८८४ मध्ये जन्मलेल्या मुलाला मात्र ते जन्मभरासाठी मिळाले.

ताकानो ते यामामोतो

इसोरोकु यांचे जन्मनाव ताकानो इसोरोकु होते. १९१६ मध्ये ते यामामोतो घराण्यात दत्तक गेले. हे नागाओका संस्थानाच्या प्रधानपदाचे जुने घराणे होते. त्याचा कर्ता पुरुष १८६८ च्या युद्धात मारला गेला होता आणि घराण्याला वारस उरला नव्हता. कर्तबगार प्रौढ पुरुषाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव चालू ठेवण्याची रीत जपानमध्ये सर्वमान्य होती. त्या वेळी इसोरोकु हे बत्तिशीच्या आसपासचे नौदल अधिकारी होते.

या दत्तकविधानात आडनाव बदलले, व्यक्तिनाव बदलले नाही. हे सांगण्याचे कारण असे की 'इसोरोकु' हे नाव दत्तक घराण्याने दिले, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. तसे नाही. दत्तक गेल्यानंतर जन्मदात्या वडिलांची जी खूण त्यांच्याजवळ उरली, ती या नावातच होती. आडनावाचा अर्थ 'पर्वताचे मूळ' किंवा 'डोंगराचा पायथा' असा होतो, आणि ते जपानमधील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक आहे. अतिसामान्य आडनाव आणि अतिदुर्मीळ व्यक्तिनाव अशी ही जोडी आहे.

पुढील चरित्र येथे थोडक्यात देणे पुरेसे आहे. १९०४ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडल्यावर १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत ते 'निश्शिन' या युद्धनौकेवर होते. तेथे त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली. त्यावरून त्यांना आणखी एक आकड्याचे नाव चिकटले, 'ऐंशी सेन'. गेइशांकडे हातांची नखे नीट करून घेण्याचा दर दहा बोटांना एक येन, म्हणजे शंभर सेन होता. आठच बोटे असल्यामुळे यांचे ऐंशी सेन, असा तो विनोद. १९१९ नंतर ते हार्वर्ड विद्यापीठात शिकले, पुढे वॉशिंग्टनमध्ये नौदल प्रतिनिधी होते. अमेरिकेची औद्योगिक ताकद जवळून पाहिल्यामुळे तिच्याशी युद्ध करण्यास त्यांचा विरोध होता. तरीही ऑगस्ट १९३९ मध्ये संयुक्त आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्याची योजना त्यांनीच आखली. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यांच्या आरमाराचा मोठा पराभव झाला. त्यांच्या प्रवासाचा सांकेतिक संदेश अमेरिकनांनी उलगडला आणि १८ एप्रिल १९४३ रोजी बूगनव्हिल बेटावर त्यांचे विमान पाडले. त्या वेळी त्यांचे वय ५९ होते. ज्या वयावरून त्यांचे नाव ठेवले गेले, ते वय ओलांडून त्यांना तीनच वर्षे झाली होती.

१९२८ मध्ये काही महिने ते 'इसुझु' या क्रूझर जातीच्या युद्धनौकेचे कप्तान होते. या नौकेच्या नावातही पन्नासचाच आकडा आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

आकड्यांची नावे

जपानमध्ये नावात आकडा असणे मुळीच नवलाचे नाही. मुलग्यांची नावे जन्मक्रमाने ठेवण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली आहे: थोरला तारो किंवा इचिरो, दुसरा जिरो, तिसरा साबुरो, मग शिरो, गोरो, रोकुरो, शिचिरो, हाचिरो, कुरो, जूरो. बाराव्या शतकातील प्रसिद्ध सेनानी मिनामोतो नो योशित्सुने 'कुरो', म्हणजे नववा, या नावाने ओळखला जाई. त्सुशिमाच्या लढाईचे सेनापती तोगो हेइहाचिरो यांच्या नावात आठ आहे. 'झिरो' या लढाऊ विमानाचे रचनाकार होरिकोशी जिरो यांच्या नावात दोन आहे. आता ही पद्धत सैल झाली आहे. विख्यात बेसबॉलपटू सुझुकी इचिरो हे घरातील धाकटे चिरंजीव. त्यांच्या नावातील 'रो' हे अक्षरही पारंपरिक 'पुत्र' या अर्थाचे नसून 'प्रसन्न' या अर्थाचे आहे.

दुसरी रीत सालाची. सम्राट तैशो यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी 'शोइची', दुसऱ्या वर्षी 'शोजी', तिसऱ्या वर्षी 'शोझो' ही नावे अतिशय लोकप्रिय झाली. कालखंडाच्या नावातील एक अक्षर आणि वर्षाचा आकडा अशी त्यांची घडण आहे. अशा नावावरून माणसाचे जन्मसाल सांगता येते.

क्रमांक किंवा साल दाखवणारी नावे एकअंकी राहतात, निदान लहान राहतात. इसोरोकु वेगळे पडते ते येथे. त्यात संपूर्ण दोन अंकी संख्या आहे, आणि ती संख्या मुलाची नसून वडिलांची आहे.

मोठ्या संख्येची नावे थोडी आहेत, पण त्यांतील काहींची कथा इसोरोकुइतकीच सरस आहे. कवी साइजो यासो (१८९२–१९७०) यांच्या नावाचा अर्थ ऐंशी. हे त्यांचे टोपणनाव नसून खरे नाव होते. आठ आणि दहा ही दोन चिन्हे मिळून ते लिहिले जाते, आणि त्यामागील हेतू मोठा हृद्य आहे. नऊ या अंकाचा 'कु' हा उच्चार 'दुःख' या अर्थाच्या शब्दासारखा होतो. आठावरून थेट दहावर गेले म्हणजे मधले नऊ, पर्यायाने दुःख, वगळले जाते. मुलाच्या आयुष्यात कष्ट नसावेत, ही आईवडिलांची इच्छा या गणितात बसवलेली आहे. कुतानी शैलीच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या तोकुदा घराण्यात 'यासोकिची' हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्यातही ऐंशी आहे, त्यापुढे 'शुभ' या अर्थाचे अक्षर. जुन्या भाषेत 'यासो' हा शब्द केवळ ऐंशीसाठी नव्हे, तर 'पुष्कळ' या अर्थानेही येत असे. त्यामुळे या नावांना एक मंगल छटा मिळाली. छप्पन्नला तशी काहीच छटा नाही.

लेखक नाओकी सांजूगो (१८९१–१९३४) यांनी तर वय हेच नाव केले. त्यांचे मूळ नाव उएमुरा सोइची. आडनावातील पहिल्या अक्षराची फोड करून त्यांनी 'नाओकी' तयार केले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यापुढे 'सांजूइची', म्हणजे एकतीस, हे नाव जोडले. पुढे बत्तीस झाले, तेहतीस झाले, आणि चौतीस वगळून पस्तिसावर, म्हणजे 'सांजूगो'वर, हे नाव स्थिरावले. त्यांच्या स्मरणार्थ लेखक किकुची कान यांनी १९३५ मध्ये सुरू केलेला नाओकी पुरस्कार हा जपानमधील एक प्रतिष्ठेचा साहित्य पुरस्कार आहे. पण सांजूगो हे स्वतः घेतलेले नाव आणि इसोरोकु हे दिलेले. हा फरक मोठा आहे, कारण स्वतः घेतलेले नाव टाकून देता येते.

चित्रपटातील एक उदाहरणही देण्यासारखे आहे. दिग्दर्शक कुरोसावा अकिरा यांच्या 'योजिंबो' (१९६१) आणि 'सांजूरो' (१९६२) या चित्रपटांचा नायक आपले नाव 'सांजूरो', म्हणजे तिशीचा, असे सांगतो. ही भूमिका करणारे मिफुने तोशिरो यांनी १९६८ च्या चित्रपटात ॲडमिरल यामामोतो यांचीही भूमिका केली. एकाच नटाने तीस आणि छप्पन्न अशी दोन्ही नावे पडद्यावर वागवली.

'पन्नास' असलेले इतर शब्द

इसोरोकु दुर्मीळ असले, तरी पन्नास हा आकडा जपानी नामविश्वात अनेक ठिकाणी भेटतो. इसे येथील शिंतो धर्माच्या सर्वश्रेष्ठ देवस्थानाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव इसुझु. ते 'पन्नास घंटिका' अशा अक्षरांनी लिहिले जाते. भारतात मालवाहू वाहनांमुळे परिचित असलेल्या इसुझु कंपनीचे नाव या नदीवरून आले आहे, आणि यामामोतो यांनी कप्तानपद भूषविलेली इसुझु नौकाही त्याच नदीच्या नावाची. अभिनेत्री यामादा इसुझु (१९१७–२०१२) यांचे नावही याच अक्षरांचे. स्त्रीनाम म्हणून इसुझु रुजले, कारण त्यामागे पवित्र नदी आणि घंटांचा नाद आहे.

'इगाराशी' या आडनावाची सुरुवातही पन्नासच्या अक्षरांनी होते. तेथे पन्नासचा उच्चार नुसता 'इ' असा होतो, आणि उरलेल्या अक्षराचा अर्थ वादळ. हे आडनाव विशेषतः नीगाता प्रांतात मोठ्या संख्येने आढळते. तेथे त्याचा उच्चार 'इकाराशी' असाही करतात, आणि सांजो शहराच्या परिसरात त्याच नावाची नदी आहे. नागाओका तेथून जवळच. म्हणजे इसोरोकु यांच्या मुलखात पन्नासचे हे जुने, पुस्तकी वाटणारे वाचन लोकांच्या कानावरचे होते. त्याचा नामकरणावर काही परिणाम झाला असे म्हणता येणार नाही, पण ही पार्श्वभूमी नजरेआड करू नये.

जपानी वर्णमालेच्या तक्त्याला 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, असे म्हणतात. येथे पन्नासचे चिनी वळणाचे वाचन आहे. हा तक्ता 'आ, इ, उ, ए, ओ' असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असे वर्ग येतात. संस्कृत वर्णमालेचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून हा क्रम आला. मराठी बाराखडी शिकलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटतो, त्याचे कारण हेच.

दुर्मीळतेची कारणे

नाव प्रसिद्ध आणि तरीही दुर्मीळ का, याचे पहिले उत्तर नावाच्या अर्थातच आहे. ते एका विशिष्ट वडिलांच्या एका विशिष्ट वर्षाचे आहे. तारो कोणत्याही थोरल्या मुलाला शोभतो. छप्पन्न हे नाव वडील पस्तीस वर्षांचे असताना ठेवले, तर त्याचा अर्थच उरत नाही. छप्पन्नाव्या वर्षी मुलगा होणे हेही नेहमीचे नव्हे.

दुसरे कारण वाचनाचे. अनोळखी माणूस हे नाव 'गोजूरोकु' असे वाचण्याची शक्यता मोठी. शिवाय आकडे ध्वनींसारखे वाचून शब्दखेळ करण्याची 'गोरोआवासे' नावाची जपानी हौस आहे. दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवण्यासाठी ती सर्रास वापरली जाते. नावातच आकडा असला, की मुलाच्या वाट्याला वर्गमित्रांची थट्टा येणार, हे उघड आहे.

तिसरे कारण स्वतः यामामोतो. युद्धकाळात जपानमध्ये 'मासारु' (विजय) आणि 'इसामु' (शौर्य) ही नावे लोकप्रिय झाली, पण ती गुणवाचक होती. इसोरोकु या नावात एकाच माणसाचा चेहरा आहे. शत्रुराष्ट्रातही तो चेहरा माहीत होता. 'टाइम' साप्ताहिकाने २२ डिसेंबर १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापले होते. पराभवानंतरच्या जपानमध्ये असे नाव मुलाला देणे म्हणजे युद्धाची आठवण त्याच्या गळ्यात बांधणे. यामामोतो यांच्या स्वतःच्या घरातही आकड्याचे नाव पुढे चालले नाही. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव योशिमासा. त्यातील दोन अक्षरांचा अर्थ न्याय आणि सचोटी.

कायद्याची अडचण मात्र नाही. १९४८ पासून लागू असलेल्या कुटुंब नोंदणी कायद्यानुसार नावात नेमून दिलेलीच चिन्हे वापरता येतात. आज त्यांत नेहमीच्या वापरातील २१३६ आणि नावांसाठी म्हणून वेगळी मान्य केलेली ८६३ कांजी आहेत. पाच, दहा, सहा ही चिन्हे अर्थातच पहिल्या गटात मोडतात. वाचनावर दीर्घकाळ कोणतेही बंधन नव्हते. नोंदणीत नावाचा उच्चार लिहिलाच जात नसे. २६ मे २०२५ पासून उच्चाराची नोंद सक्तीची झाली, आणि तो समाजात सर्वसाधारणपणे ग्राह्य असावा अशी अट आली. अक्षरांशी संबंध नसलेली चमकदार वाचने देण्याची जी लाट मधल्या काळात आली होती, तिला आवर घालणे हा या बदलामागील एक हेतू होता. इसोरोकु या वर्गात बसत नाही. त्याचे वाचन जुने आहे, मनमानी नाही. एखाद्याला आपले नाव असह्य झालेच, तर योग्य कारण दाखवून कौटुंबिक न्यायालयाच्या परवानगीने ते बदलता येते.

आजचे जपानी पालक नाव निवडताना ध्वनी आणि अक्षरांचे सौंदर्य पाहतात. मुलग्यांच्या लोकप्रिय नावांत अलीकडे रेन (कमळ), मिनातो, हारुतो अशी नावे दिसतात. चार मात्रांचे, आकड्याचे, शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाचे नाव या पंक्तीत बसत नाही.

साहित्य, चित्रपट आणि स्मारके

लेखक आगावा हिरोयुकी यांचे 'यामामोतो इसोरोकु' (१९६५) हे चरित्र विशेष गाजले. १९७९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!' या चित्रपटात यामामुरा सो यांनी, १९७६ च्या 'मिडवे'मध्ये मिफुने तोशिरो यांनी, तर २०११ च्या जपानी चित्रपटात याकुशो कोजी यांनी ही भूमिका केली. नागाओका येथे त्यांचे स्मारक संग्रहालय आहे. पाडल्या गेलेल्या विमानाच्या पंखाचा भाग तेथे ठेवलेला आहे. १ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन बाँबफेकीत हे शहर जळाले होते. २०१२ मध्ये नागाओका आणि पर्ल हार्बरजवळचे होनोलुलु ही भगिनी शहरे झाली.

मराठी लेखन

देवनागरीत हे नाव 'इसोरोकु' असे लिहावे. मूळ नावात इ-सो-रो-कु अशा चार समान मात्रा आहेत आणि शेवटचा 'कु' ऱ्हस्व आहे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमानुसार अंत्य उकार दीर्घ लिहिण्याचा प्रघात असल्याने 'इसोरोकू' असेही लेखन आढळते, परंतु परभाषेतील विशेषनामाला तो नियम लावण्याची गरज नाही. आडनाव 'यामामोटो' असे न लिहिता 'यामामोतो' असे लिहिणे योग्य. 'ट' हा इंग्रजी लिपीतून आलेला अपभ्रंश असून जपानी उच्चार 'त'ला जवळचा आहे. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी आणि व्यक्तिनाव नंतर येते. म्हणून 'यामामोतो इसोरोकु' या क्रमात इसोरोकु हे व्यक्तिनाव आहे, हे लक्षात ठेवावे. पाश्चात्त्य ग्रंथांत हा क्रम उलटा असतो.